जगबुडीनंतरचे सोळा महिने: कोकण किनाऱ्यावरची किशोर कादंबरी कशी लिहावी

खेडजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव जगबुडी आहे. ही नदी दर पावसाळ्यात पाहणारी कोकणातली मुले जेव्हा जग कोसळल्यानंतरच्या कथा लिहू लागतात, तेव्हा त्यांच्या कथा मात्र कुठल्यातरी परक्या शहरात घडतात. दापोली तालुक्यात मी काही वर्षे किशोरवयीन मुलांबरोबर लेखनाचे वर्ग घेतो आहे आणि त्यांच्या वह्यांत मला ओसाड मॉल दिसतात, बर्फाने झाकलेले रस्ते दिसतात, डबाबंद अन्नावर जगणारे नायक दिसतात. एका मुलीच्या कथेत जुलै महिन्यात रानात शेकोटी पेटली होती. तिला मी विचारले की जुलैमध्ये तुमच्या घरी चुलीसाठी कोरडे लाकूड कुठे ठेवलेले असते. तिने लगेच सांगितले, ‘माळ्यावर, मे महिन्यातच भरून ठेवतात.’ हे तिला ठाऊक होते, पण कथेत आणण्याजोगे वाटले नव्हते. ते आणण्याजोगे आहे, किंबहुना सगळी कादंबरी त्याच्यावरच उभी राहू शकते, या खात्रीने मी हा लेख लिहितो आहे. बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी अशी कादंबरी लिहू इच्छिणाऱ्या कोणालाही, मग तो स्वतः पंधरा वर्षांचा असो की पन्नास, पुढील क्रम उपयोगी पडावा.

पहिली पायरी: मदत का येत नाही, हे ठरवा

आपत्तीची कल्पना करण्यासाठी कोकणी माणसाला फार लांब जावे लागत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात महाड बुडाले आणि तालुक्यात दरडींनी वाड्या गाडल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. या सर्व प्रसंगी माणसे वाचली याचे एक कारण असे की बाहेरून कोणीतरी आले: वीज मंडळाची माणसे आली, घाटावरून धान्याचे ट्रक आले, मुंबईहून ताडपत्र्या आल्या. म्हणून लेखकाने पहिला प्रश्न विचारायचा तो हा की या वेळी कोणीच का आले नाही.

उत्तर एका परिच्छेदात मावेल इतके सोपे असावे. वीज आणि दळणवळण देशभर एकाच वेळी थांबले, एवढे पुरते; त्यामागचे शास्त्रीय कारण पात्रांना कळण्याची गरज नाही, कारण प्रत्यक्षात गावातल्या मुलीला ते कळलेच नसते. मात्र लेखकाच्या वहीत तीन गोष्टी पक्क्या लिहिलेल्या असाव्यात: काय बंद पडले, कोणत्या तारखेला बंद पडले आणि त्या दिवशी गावात कोण होते. दोन-तीन आपत्ती एकत्र आणण्याचा मोह टाळावा. महामारी, भूकंप आणि वादळ एकाच कथेत आले की वाचक कशालाच घाबरत नाही.

दुसरी पायरी: तारीख मे महिन्याची घ्या

माझा आग्रह असा की कोसळण्याचा दिवस मे महिन्याच्या अखेरीस असावा. त्या आठवड्यांत चाकरमानी मुलाबाळांसह गावी आलेले असतात, म्हणजे शहरातली आणि गावातली मुले एकाच घरात सापडतात. विहिरींनी तळ गाठलेला असतो. आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी भरून ठेवायची सुकी मासळी, मीठ, मसाला, लाकूडफाटा, काही घरांत झालेली असते आणि काहींत राहिलेली असते, आणि या एका फरकातून शेजारधर्माची पहिली परीक्षा आपोआप सुरू होते. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते, म्हणजे पेरणीला जेमतेम पंधरवडा उरलेला असतो. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असते, पण कथेत सरकार नसले तरी खवळलेला समुद्र ती बंदी पाळायला लावतोच.

त्यानंतर वहीत एक पंचांग आखावे. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, नारळी पौर्णिमेच्या आसपास समुद्र शांत होऊ लागणे, सप्टेंबरअखेरीपासून हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची कापणी आणि त्यामागून उशिरा पिकणाऱ्या गरव्याची, थंडीत जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा, डिसेंबर ते मे मिठाचा हंगाम, मार्चपासून पाणी आटणे, एप्रिल-मेमध्ये आंबा, फणस, काजू, आणि पुन्हा मृग. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर महिना आणि तिथी लिहून ठेवली की अर्ध्या चुका टळतात.

तिसरी पायरी: भाताचा हिशेब करा

या पायरीवर मी वाचकाला थांबायला सांगेन, कारण कादंबरीचा कणा येथे तयार होतो.

पाच माणसांचे एक घर घ्या. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ धरला, तर घराला रोज २ किलो आणि वर्षाला ७३० किलो तांदूळ लागतो. भात कांडल्यावर साधारण दोन-तृतीयांश तांदूळ मिळतो. आता समजा या घराकडे एक एकर, म्हणजे ४० गुंठे, भातखाचर आहे. खत मिळणे बंद झाले आहे, त्यामुळे गुंठ्याला २५ किलो भात धरू. एकूण १,००० किलो. त्यातून पुढच्या वर्षाचे २० किलो बियाणे बाजूला काढले तर ९८० किलो भाताचा सुमारे ६५० किलो तांदूळ होतो. दोन किलोने भागले की उत्तर येते ३२५ दिवस. सगळे सुरळीत झाले, कोणी आजारी पडले नाही, कोणी पाहुणा आला नाही, उंदरांनी काही नेले नाही, तरी वर्षाला महिन्याहून थोडा अधिक काळ कमी पडतो. ऑक्टोबरच्या मध्यावर भात घरात आले असेल तर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, ऐन गणपतीच्या दिवसांत, संपते.

आता हाच हिशेब उलट बाजूने पाहा. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, कणगीत (धान्याच्या मोठ्या टोपलीत) २० किलो बियाणे आहे आणि दारात मुंबईहून चालत आलेली काकी दोन मुलांसह उभी आहे. मुंबई ते रत्नागिरी हे अंतर सुमारे ३३० किलोमीटर आहे. दिवसाला २० ते २५ किलोमीटर चालले तरी पंधरवडा लागतो. घरातला तांदूळ संपत आला आहे. बियाणे कांडले तर १३ किलो तांदूळ मिळेल, म्हणजे आधीच्या पाच माणसांना साडेसहा दिवस आणि आता आठ जणांना जेमतेम चार दिवस. चार दिवसांच्या जेवणासाठी पुढचे सबंध वर्ष द्यायचे का, हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीला पडू द्या, आणि तिची धाकटी चुलत बहीण त्याच वेळी पेजेचे भांडे बोटाने पुसून खात असू द्या. खलनायक, बंदुका, टोळ्या यांपैकी कशाचीही येथे गरज पडत नाही. किशोर वाचकाला नैतिक पेच समजत नाही, असे मानणाऱ्या संपादकांशी माझे कायम मतभेद राहिले आहेत. त्याला तो नेमका समजतो, फक्त आकडे खरे असावे लागतात.

चौथी पायरी: नकाशा लहान आणि समुद्र खरा

एक गाव, एक खाडी, एक सडा (कातळाचे पठार) आणि घाटाकडे जाणारी एक वाट, एवढा नकाशा पुरेसा आहे. अंतरे किलोमीटरऐवजी चालण्याच्या तासांत लिहावीत आणि पावसाळ्यातले तास वेगळे लिहावेत, कारण साकव वाहून गेल्यावर अर्ध्या तासावरची शेजारची वाडी चार तासांवर जाते. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली यांपैकी कोणता घाट आपल्या गावाला जवळ आहे ते ठरवावे. डाळी, कांदे-बटाटे आणि पिशवीचे दूध घाटावरून येते, त्यामुळे घाट बंद झाल्यावर ताटातून काय काय नाहीसे होते हे वहीत लिहावे.

समुद्राबाबत माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगणे भाग आहे. माझ्या एका कथेत दोन मुले पौर्णिमेच्या मध्यरात्री चांदण्यात खाडी पायी ओलांडतात, असा प्रसंग मी मोठ्या प्रेमाने लिहिला होता. हस्तलिखित वाचून हर्णैकडच्या एका वयस्क मच्छीमाराने पान माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, ‘पुनवेला बारा वाजता पाणी कुठे असतं?’ पक्षातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला साडेअकरा-बारा. आणि जी वेळ दिवसाची तीच साधारण रात्रीची. म्हणजे माझी मुले उधाणाच्या पूर्ण भरतीत खाडीत उतरली होती आणि दुसऱ्याच पावलाला वाहून गेली असती. त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी इतकी खोल जाते की एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांगेचे पाणी असते, तेव्हा भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. मी तो प्रसंग संध्याकाळी हलवला, आणि मुलांना अंधार पडण्याआधी व पाणी परतण्याआधी पलीकडे पोहोचायचे आहे, अशी नवी घाई त्यात आली. प्रसंग पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. प्रत्येक पाण्याच्या प्रसंगाची तिथी आधी ठरवा आणि मगच तो लिहा.

जलदुर्ग वापरायचा असेल तर त्याच्या पाण्याचा विचार करावा. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते आणि तिथेही गोडे पाणी आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जागी गोडे पाणी कोणाच्या ताब्यात आहे, यावर एक सबंध प्रकरण लिहिता येते.

पाचवी पायरी: पाणी, अन्न, उजेड आणि औषध

निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत वीज नसताना सर्वांत आधी जी गोष्ट लक्षात आली ती अशी की विहिरीवर पंप बसल्यापासून रहाट काढून टाकलेले होते. माळ्यावरून गंजलेली चाके शोधून आणली, पण दोर नव्हते. नायलॉनच्या पातळ दोरीने पाणी ओढताना तळहात कापले जात होते. हे मी वाचले असते तर विसरलो असतो. ओढल्यामुळे लक्षात राहिले. वर्गातल्या मुलांना मी याच प्रसंगावर दोन प्रकारे लिहायला लावतो. पहिल्या प्रकारात बहुतेक जण असे लिहितात: ‘सर्वत्र भयाण शांतता पसरली होती. पाण्यासाठी सगळे व्याकूळ झाले होते.’ दुसऱ्या प्रकारात मी मोजमाप देण्याची अट घालतो, आणि मग असे काही हाती लागते:

‘दोर सतरा हात होता. पाणी एकोणीस हातांवर गेलं होतं. नीताने ओढणी काढली, पिळून दोराच्या टोकाला गाठ मारली आणि कळशी परत खाली सोडली. तळाला भांडं खरवडल्याचा आवाज आला. वर आली तेव्हा अर्धी कळशी होती आणि त्यात बोटभर गाळ. आजी म्हणाली, राहू दे, निवळेल. नीता कळशीजवळ बसून राहिली, कारण उठली असती तर दुसऱ्या कोणीतरी ती नेली असती.’

या उताऱ्यात तहान हा शब्दसुद्धा नाही.

पाणी तुरटीने निवळते, पण तेवढ्याने त्यातले जंतू मरत नाहीत, त्यासाठी ते उकळावे लागते, आणि उकळायला सरपण लागते; या साखळीकडे लक्ष द्यावे. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून अति उपसा झाला की पाणी मचूळ होते. खारलँडची शेती दाखवत असाल तर बांध आणि उघाडी (पाणी सोडण्या-अडवण्याचे दार) यांची देखभाल कोण करते ते ठरवा, कारण बांध फुटून समुद्राचे पाणी खाचरात आले की जमीन काही वर्षे भाताला मुकते. एका उधाणाच्या रात्री बांध राखणे हा प्रसंग कोणत्याही लढाईइतका थरारक होतो.

रानातल्या अन्नाबाबत अचूक असणे ही लेखकाची जबाबदारी आहे, कारण किशोर वाचक ते करून पाहू शकतो. टाकळा, भारंगी, फोडशी या पहिल्या पावसानंतरच्या भाज्या आहेत. शेवळे आणि काही जातींचे कंद नीट प्रक्रिया न करता खाल्ले तर घशाला जबर खाज सुटते, आणि कडू करांदे उकळून, पाणी बदलून घ्यावे लागतात. हे ज्ञान ज्या कातकरी कुटुंबांकडे सर्वांत अधिक आहे, ती वर्षातले कित्येक महिने वीटभट्ट्यांवर राबायला जातात आणि पावसाआधी परततात. अशा घरातली मुलगी कथेत आली तर तिला केवळ वाटाड्या करू नका. तिलाही राग, महत्त्वाकांक्षा आणि चूक करण्याचा अधिकार असावा. फणसाच्या आठळ्या, आंबोशी, आमसुले, कुळीथ, नाचणी, ओहोटीला मिळणारी कालवे आणि तिसऱ्या यांनी ताट भरते, पण भाताची जागा यांतले काहीच पूर्णपणे घेत नाही.

रॉकेल संपल्यावर दिवा कशाचा, याचे उत्तर उंडीच्या झाडात आहे. तिच्या बियांचे कडू तेल पूर्वी कोकणात दिव्यासाठी वापरत. त्याचा धूर आणि उग्र वास प्रत्येक रात्रीच्या प्रसंगात येऊ द्या. मीठ पावसाळ्यात तयार करता येत नाही. १९३० साली ज्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला, तिथली मिठागरेही उन्हावरच चालतात. आगपेट्या जूनमध्ये सादळतात, म्हणून विस्तव राखेखाली राखून ठेवणे आणि शेजारून निखारा मागून आणणे परत सुरू होईल. पेट्रोल काही महिन्यांत खराब होऊ लागते. सौर पॅनेल वर्षानुवर्षे टिकते, पण त्याची बॅटरी त्यामानाने लवकर दगा देते.

औषधांच्या बाबतीत दोन संकटे खास कोकणाची आहेत. एक फुरसे. सर्पदंशावरची लस द्रवरूपात असेल तर तिला शीतपेटी लागते, भुकटीच्या रूपात असेल तर ती थंड, कोरड्या जागी पुष्कळ टिकते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात यांपैकी कोणती उरली आहे, यावर एखाद्याचा जीव अवलंबून ठेवता येतो. दुसरे विंचू. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध किती प्रभावी ठरते हे दाखवून दिले, आणि तेच औषध रक्तदाबाच्या रुग्णांसाठीही वापरले जात असे. गावातल्या एखाद्या आजोबांच्या जुन्या गोळ्यांच्या डब्यात ते सापडणे हा योगायोग खरा वाटण्याजोगा आहे. जखमेवर चमत्कारी मुळी लावून बरे करणे मात्र लिहू नये.

सहावी पायरी: मोठी माणसे जिवंत ठेवा

किशोर कादंबरीत नायकाला मोकळीक मिळावी म्हणून सगळी प्रौढ माणसे पहिल्याच प्रकरणात मारून टाकण्याची रीत पडली आहे. कोकणात तसे केले तर कथेचे मोठे नुकसान होते. शीड कसे उभारायचे, कौले कशी शाकारायची, जाळे कसे विणायचे हे सत्तरीच्या माणसांना येते. डिझेलचे इंजिन उघडणे तिशीतल्यांना येते. आणि सोळा वर्षांच्या मुलीला यातले काहीच नीट येत नाही, पण डोंगर चढून जाण्याची ताकद तिच्याच पायांत आहे. म्हणजे ज्ञान एका शरीरात आणि बळ दुसऱ्या शरीरात, अशी वाटणी झालेली आहे. आजोबांची दृष्टी जाते आहे आणि नातवाने त्यांचे हात बनायचे आहे, या नात्यातून जे संवाद येतात ते मला कुठल्याही साहसाहून मोलाचे वाटतात. संवादांत त्या त्या गावची बोली असावी: सिंधुदुर्गात मालवणी, चिपळूण-संगमेश्वरकडे संगमेश्वरी, रायगडात आगरी किंवा कोळी. निवेदन प्रमाण मराठीत ठेवले तरी चालते. येत नसलेली बोली अंदाजाने लिहू नये, त्या गावच्या माणसाला वाचून दाखवावी.

सातवी पायरी: संघर्ष वाट्यातून उभा करा

रापण ही किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी आहे. ती ओढायला पन्नास-पन्नास माणसे लागतात आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. डिझेल संपल्यावर नारळी पौर्णिमेनंतर गाव पुन्हा रापणीकडे वळेल. मग प्रश्न येतात. दोर धरला पण जोर लावता आला नाही, अशा आजारी माणसाला वाटा मिळतो का? पलीकडच्या गावातून आलेल्या मुलाने दोर धरला तर? ज्याचे जाळे आहे त्याला किती? हे वाद देवळासमोर बसतील, गाऱ्हाणे घातले जाईल, जुनी भाऊबंदकी वर येईल. गावाला स्वर्ग करू नका आणि नरकही करू नका. कोविडच्या टाळेबंदीत चाकरमान्यांसाठी शाळा उघडून देणारी आणि वेशीवर काठ्या आडव्या लावणारी माणसे एकाच कोकणात होती.

हिंसा आणि मृत्यू वाचकापासून लपवण्याचे कारण नाही, पण प्रत्येक मृत्यूनंतर उरलेल्यांना जी कामे करावी लागतात ती दाखवावीत. भर पावसात सरणासाठी कोरडे लाकूड कुठून आणायचे, हा प्रश्न जे सांगतो ते चार पाने शोक लिहूनही सांगता येत नाही.

लेखन हातावेगळे करताना

लांबी चाळीस ते पन्नास हजार शब्दांची धरावी, प्रकरणे छोटी ठेवावीत. पहिला खर्डा झाल्यावर तीन वेगवेगळ्या वाचनांत तीनच गोष्टी तपासाव्यात: एकदा फक्त तिथी आणि भरती, एकदा फक्त साठ्यातले तांदूळ, मीठ आणि काडेपेट्या, आणि एकदा फक्त संवाद, तेही मोठ्याने वाचून. साठ्याच्या वाचनासाठी मी वहीत डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर खर्च लिहितो. ज्या प्रकरणात खर्च काहीच झालेला नसतो, ते प्रकरण बहुतेक वेळा काढून टाकावे लागते.

शेवटच्या प्रकरणात वीज परत आणू नये आणि हेलिकॉप्टरही आणू नये. मी कथा दुसऱ्या वर्षाच्या भाद्रपदात थांबवतो, म्हणजे पहिल्या मेपासून सोळाव्या महिन्यात. हिशेबातला तो कमी पडणारा महिना सुरू झालेला असतो. गणपती आवारातल्या लाल मातीचा असतो, मोदकाची पारी नाचणीची असते आणि ती वळताना फुटते. खाचरात भात निसवलेले असते, पण दाणा अजून दुधात असतो. शेवटच्या पानावर कणगीत किती किलो उरले आहे आणि ताटावर किती माणसे बसली आहेत, हे दोन आकडे वाचकाला दिसू द्यावेत, आणि दोहोंपैकी माणसांचा आकडा पहिल्या पानापेक्षा मोठा असावा.